पोटखराबा

ऑर्ड गावच्या कोर्टाच्या तळघरात
जुन्या गोंदाचा वास आहे.
कारकून बाई पेन्सिल कानामागे खोचून विचारते,
कुणाकडचे शोधताय?
ह्यांच्या नवऱ्याकडचे, मी सासूबाईंकडे बोट करते,
म्हणजे माझ्या नवऱ्याकडचे,
म्हणजे, आता, माझ्या लेकीचे.

माझे वडील पाथर्डी तालुक्यात तलाठी होते.
कमळातला क शिकायच्या आधी
मी पोटखराब्यातला प वाचला.
त्यामुळे कागद परका वाटत नाही,
नेब्रास्काचा असला तरी.
फक्त याला शीव नाही,
ओढा नाही, बांधावरची बाभूळ नाही,
सेक्शन अमुक, ईशान्येचा चौथा हिस्सा,
एकर एकशे साठ.
कुणीतरी कुठेतरी टेबलाशी बसून
गवतावर पट्टीने रेघा ओढल्या.

मातेय कुबिचेक. साल अठराशे चौऱ्याहत्तर.
कुटुंब: बायको आणि पाच मुलं.
घर: चौदा बाय सोळा, मुळांसकट कापलेल्या ढेपांचं,
दार एक, खिडकी एक.
मका, आठ एकर.
शेरा: टोळ.

एवढंच. टोळ.
वडीलही असंच लिहायचे,
अख्खं वर्ष एका शब्दात,
शाई सरकारी असूनही जपून.

दुसरा कागद पाच वर्षांनंतरचा.
बार्बोरा कुबिचेक, विधवा.
विहीर: नव्वद फूट, हातांनी खणलेली.
नांगरट: बेचाळीस एकर.
बैल: दोन, एक आंधळा.
मुलं: चार.

बेचाळीस! सासूबाई टेबलावर थाप मारतात,
एकटीनं, बघ, एकटीनं!
माझं बोट पाचावर आहे,
मग चारावर.
त्यांनाही दिसतं. चष्मा काढतात, पुसतात,
कुठलं गं? विचारतात.
कागदाला माहीत नाही.
आंधळ्या बैलाला रकाना आहे.

खाली सहीच्या जागी फुली,
इतकी दाबून मारलेली की कागद किंचित चिरलाय,
आणि शेजारी दुसऱ्याच कुणाच्या वळणदार अक्षरात:
तिची निशाणी.

मला सवयीनं विचारावंसं वाटतं ते मी विचारते.
आधीचा कब्जेदार?
कारकून बाईला कळत नाही. मी समजावते.
सरकार, ती म्हणते.
त्याच्या आधी?
ती पेन्सिल काढते, बघते, परत खोचते.
पॉनी लोक होते ना, लूप नदीच्या काठानं.
त्यांना दक्षिणेला धाडलं. कधी बरं...
ती थांबते. ह्याच सुमाराला.
फेरफाराची नोंद?
नाही, तशी नोंद कुठे असणार.

दुपारी आम्ही शेतावर जातो.
आता ते ड्वेन नावाच्या माणसाचं आहे,
सोयाबीन गुडघ्याएवढं,
घर नाही, विहीर बुजवलेली,
वारा मात्र जुना असावा, ओळख न दाखवणारा.
मधेच एक तुकडा, माजघराएवढा,
नुसतं उंच गवत. तिथं तास वळलेत,
पाण्यानं दगडाला वळसा घालावा तसे.

इथे का नाही पेरलं?
ड्वेन टोपी मागे सारतो.
बाप वळसा घालायचा. त्याचाही बाप घालायचा.
खाली काही आहे म्हणत. काय, ते कुणी सांगितलं नाही.

सासूबाई गवतात शिरतात, हळू,
जसं झोपलेल्या घरात शिरावं.
मी बांधावरच राहते, म्हणजे जिथे बांध असता तिथे.
त्यांचं मूल असेल,
नाहीतर त्याच्याही आधीचं, दुसऱ्या कुणाचं,
जिच्या निशाणीला कागदच मिळाला नाही.

आमच्याकडे याला शब्द आहे, मी ड्वेनला सांगते,
पोटखराबा.
पिकाला निरुपयोगी, म्हणून साऱ्यातून वगळलेली जमीन.
अर्थ काय? तो विचारतो.
खराबा सोपा आहे, तो मी सांगते.
पोट म्हणजे आतलं,
पोट म्हणजे पोटचं,
आणि इथे माझं इंग्रजी अडतं.

गाडीत बसताना सासूबाईंच्या मोज्यांना
कुसळं चिकटलेली असतात.
त्या ती काढत नाहीत.