टिचकी

ब्लाझ, ती कॉफी आधी खाली ठेव,
कपबशी वाजतेय.
तुझं नाव पुकारायला अजून दहा मिनिटं आहेत
आणि तू विचारतोस, सभागृह कसं धरून ठेवायचं.

एकतीस वर्षं बोलले मी
मारिबोरच्या या मधपाळांच्या परिषदेत.
धरून काहीच ठेवता आलं नाही.

पहिल्या वर्षी पुढच्या रांगेत म्हातारे होते,
मेणाने, डिंकाने पिवळी पडलेली बोटं पोटावर गुंफून.
त्यातले येर्नेय कोलेंत्स तर डोळे मिटूनच.
मी मनात म्हटलं, चला,
पालथ्या घड्यावर पाणी.
शेवटी तेच उठले. म्हणाले,
बाई, बाभूळ मेच्या दुसऱ्या आठवड्यात फुलते म्हणालात,
ती तुमच्याकडे.
आमच्या डोंगरात चौथ्या.

मग डोळे उघडे ठेवणारे आले.
खालून उजेड पडलेले चेहरे, निळसर,
विहिरीत वाकून बघणाऱ्यांसारखे.
एका वर्षी मी भाषण थांबवून रागावले त्यांना.
नंतर जिन्यात एका पोरीने गाठलं,
फोन पुढे केला :
माझं वाक्य न् वाक्य तिने लिहून पाठवलं होतं
वडिलांना. त्यांना ऐकू येत नाही,
पेट्या मात्र साठ आहेत.
तिच्या शेजारचा बूट विकत घेत होता.
हेही लक्षात ठेव.

आणि दारं बंद होती ते वर्ष.
स्वयंपाकघरात बसून बोलले,
बटणाएवढ्या काचेच्या डोळ्याशी.
दोनशे सोळा काळे चौकोन,
प्रत्येकात एक नाव, तोंड एकाचंही नाही.
मी विनोद केला.
हसलेही असतील.
फ्रिज गुणगुणत होता तेवढा,
तर मी त्याच्याच तालावर वाक्यं संपवू लागले.

आता अर्धे खुर्च्यांवर, अर्धे भिंतीवर,
प्रश्न पडद्यावर चढतात, अंगठे मोजून वर जातात.
गेल्या वर्षी कुणीसं यंत्राकडून
माझ्या भाषणाच्या पाच ओळी करून घेतल्या.
वाचल्या मी. माझ्यापेक्षा नीट होत्या.
चाळीस पेट्या एका हिवाळ्यात गेल्या, हेही होतं.
ते सांगताना मी पाणी मागितलं
आणि प्यायलेच नाही,
ते कुठे लिहिणार?

ऐक. जानेवारीत तू पेटी उघडतोस का?
नाही ना. झाकण उचललंस की गारठ्याने जातील.
लाकडाला कान लावतोस,
बोटाने एक टिचकी मारतोस
आणि थांबतोस.
झर्रकन आवाज चढला, लगेच बसला,
तर बरं चाललंय.
लांबत गेला, कण्हल्यासारखा,
तर राणी नाही.

काहीच आलं नाही
तर तू घाबरतोस. मीही घाबरते, अजून.
घाबरून बडबडायला लागतो आपण,
तिथेच सगळं बिघडतं.
जरा खाली टिचकी मार.
कधी कधी त्या तळाशी, कोपऱ्यात
एकमेकींना बिलगून सरकलेल्या असतात,
साखर जपून खात,
आणि उत्तर द्यायला त्यांना वेळ लागतो.

वेळ लागतो, ब्लाझ.
तेवढा उभं राहता आलं पाहिजे.
माइकसमोर तीन श्वास गप्प राहायचे,
हे माझ्याच्याने विसाव्या वर्षी जमलं.

हाक आली बघ.
नाव चुकीचं घेतलं त्यांनी, जाऊ दे.
कागद इथेच विसरलास.
मी आणून देणार नाही.

पुढच्या रांगेत बसते,
डोळे मिटून.