कळ

यंत्र आलं ते काउन्सिलच्या नावाने.
सही करून घ्यायचं, तुटलं तर कळवायचं,
अठराव्या वर्षी परत द्यायचं.
व्हीलचेअरच्या दांड्याला फिओनाबाईंनी ते आवळून बसवलं,
मंजुळाच्या उजव्या गालापाशी एक लाल कळ,
पेढ्याहून थोडी मोठी.

पडद्यावर चौकोन. चौकोनावरून चौकोनावर उजेड सरकतो,
हव्या त्या शब्दावर आला की गाल टेकायचा.
चुकलं, तर पुन्हा पहिल्यापासून फेरी.
एका वाक्याला दोन-तीन मिनिटं.
तेवढ्यात दूध उतू जातं.

नाव ठेवलं तेव्हा ती बारा दिवसांची होती.
मंजुळा. नवऱ्याच्या सांगलीच्या आत्याबाईंचं,
ज्यांचं बोलणं ऐकायला म्हणे शेजारणी
वाटीभर साखरेचं निमित्त करून येत.
हिचा आवाज येणार नाही, हे
दुसऱ्या वाढदिवसानंतर समजलं.

यंत्र तिला मन्जूला म्हणतं.
त्याच्याकडे ळ नाही.
फिओनाबाईंना मी जीभ टाळूला उलटी लावून दाखवली,
त्यांनी तीनदा प्रयत्न केला, मग दोघी हसलो,
मग त्या म्हणाल्या, घरातले शब्द लिहून द्या.
मी लिहिले: आई, बाबा, पाणी, दुखतंय, पुरे, केळं.
त्या यंत्रात बाळ नाही, वेळ नाही, आभाळ नाही,
आणि गंमत म्हणजे कळ नाही;
जिच्यावर सगळं चालतं तीच.

नऊ वर्षं मी लोकांना सांगत आले,
तिला बोलावं लागत नाही, मला कळतं.
दवाखान्यात, दुकानात, स्टॉकपोर्टच्या त्या शाळेतल्या मीटिंगांत,
जिथे मिस्टर ऑलरॉइड तिला प्रश्न विचारायचे
आणि उत्तर मी द्यायचे.
भुवई अशी झाली की भूक.
मान तशी गेली की ऊन डोळ्यांवर.
आणि रोज चार वाजता शिकरण,
वेलची घालून, गुठळी न ठेवता कुस्करलेली,
तिची आवडती.

मंगळवारी चार वाजता मी वाटी घेऊन बसले.
उजेड निघाला. पहिली ओळ, दुसरी ओळ.
नॉट.
मी म्हटलं, काय नको? ऊन? पडदा ओढू?
उजेड परत निघाला.
लाइक.
मी चमचा पुढे केला.
तिने तोंड मिटलं आणि उजेडाकडे बघत राहिली,
घरातल्या शब्दांच्या पानावर तो पोचेपर्यंत,
सहाव्या चौकोनापर्यंत.
केला.

वाटी माझ्या हातातच.
हिशेब मांडायचा नाही असं ठरवलं आणि मांडला:
अडीच हजार वाट्या, आजारपणं वगळून.

रात्री यंत्र चार्जिंगला लावलं
आणि त्या लाल गोलाला स्वतःचा गाल लावून पाहिला.
मला सॉरी म्हणायचं होतं.
उजेड दोनदा पुढे निघून गेला.
तिसऱ्यांदा घाई झाली आणि यंत्र म्हणालं,
टॉयलेट.

फिओनाबाई म्हणतात, मराठी शब्द तुमच्या आवाजात भरता येतील,
ळ सकट.
मंजुळाला विचारलं, आणि थांबले.
थांबणं शिकतेय, हात मांडीखाली दाबून.
नो.
तिला आवाज क्रमांक चारच हवा,
शाळेत जेवण वाढणाऱ्या बाईसारखा, सर्दी झालेला.
स्वतःचं नाव मात्र तिने पहिल्या पानावर आणून घेतलंय.
बसथांब्यावर सुरू होते:
मन्जूला. मन्जूला. मन्जूला.
लोक वळून बघतात आणि ती हसते.
ते हसणं मुळीच मंजुळ नाही,
तेल न घातलेल्या बिजागरीचं आहे,
पलीकडच्या फुटपाथला ऐकू जाणारं.

बस आली, रॅम्प उतरला.
ड्रायव्हरने मला विचारलं, कुठे उतरायचंय हिला?
उजेड पहिल्या ओळीवर होता.
मागे पाच-सहा माणसं भिजत उभी.
मी गप्प बसले.