एकशे तीस वॅट

घोडपदेवला एका जिन्याखाली माझं दुकान.
दुकान म्हणजे एक फळी, एक मीटर,
आणि आबांचा टेस्टर, मूठ झिजलेला.

रेवूबाई रोकडे इस्त्री घेऊन आल्या
पदरात गुंडाळून, तापलेलं पोर आणावं तशी.
पण तक्रार उलटी:
"तापतच नाही गं. कॉलरवर दोनदा फिरवावी लागते.
शंभर कॉलरी म्हणजे दोनशे झाल्या की नाही?"

माझ्या फळीवर पाण्याचे थेंब चर्रकन उडाले.
"इथं बरी तापते," त्या म्हणाल्या,
माहेरी हसणाऱ्या सुनेकडे बघावं तशा बघत.

मग मीच गेले वर, तिसऱ्या मजल्यावर.
इस्त्री चालू ठेवून प्लगपाशी दाब मोजला: एकशे पंच्याण्णव.
वायरला चिमटा लावला: तीन पूर्णांक सात.
लग्नपत्रिकेच्या पाठीवर भागाकार मांडला,
नवऱ्यामुलाच्या नावाची शाई तिथवर फुटलेली.
बावन्न पूर्णांक सात ओहम.
इस्त्रीच्या पट्टीवरचे आकडेही जवळजवळ तेच सांगतात.
कॉइल शाबूत.

रात्रशाळेच्या पुस्तकात याला विभवांतर, त्याला धारा,
आणि भागून येतो तो रोध.
आबा गोदीत क्रेनचे वायरमन, ते म्हणायचे
दाब, वाहणं, आडकाठी.
उत्तर एकच येतं.
परीक्षेत मी पुस्तकाचं लिहिलं,
शिडीवर मात्र मला आबांचंच आठवतं.

आता गुणाकार: एकशे पंच्याण्णव गुणिले तीन पूर्णांक सात,
सातशे एकवीस, वर थोडं.
पट्टीवर हजार छापलेत.
रेवूबाईंना पाढे येतात, कपडे मोजून आलेले.
"उरलेलं पावणेतीनशे कुणी खाल्लं?"

कुणी नाही, मी म्हटलं, ते निघालंच नाही.
दाब कमी, म्हणून वाहणंही कमी,
दोघांनी मिळून थोडं थोडं सोडलं
आणि तोटा मोठा झाला.
"माझ्या घरातही असंच होतं," त्या म्हणाल्या,
आणि पुढं काही बोलल्या नाहीत.

खाली मीटरपाशी दोनशे तीस, काटा न हलता.
दुरुस्तीच्या वेळी सगळे मीटर तळमजल्यावर नेले,
त्याला दोन दिवाळ्या झाल्या.
वर पोचेपर्यंत पस्तीस व्होल्ट कुठंतरी सांडतात.
पस्तीस गुणिले तीन पूर्णांक सात.
एकशे तीस वॅट, आणि हे मात्र बिलात आहेत.

मी जिना चढत गेले, केसिंगवर हात फिरवत,
तळवा नाही, हाताची पाठ.
आबांनी शिकवलेलं: झटका बसला तर मूठ मिटते,
तळव्यानं धरशील तर धरून बसशील.
पहिला मजला गार. दुसराही.
दुसऱ्याच्या वळणावर, कोनाड्यात,
चव्हाणांची पिवळी मांजर चार पाय पसरून झोपलेली,
तिच्या पाठीमागची भिंत कोमट.

मेन बंद करून केसिंग उघडलं.
दोन तारा नुसत्या पिरगळलेल्या,
वरची टेप काळी, जळक्या खोबऱ्याचा वास.
साडेनऊ ओहमची आडकाठी
एका करंगळीएवढ्या जागेत.
आणखी एखादी दिवाळी, आणि जिन्याला लाकडाचे कठडे आहेत.

तारा सोलल्या, घासल्या, नवा जोड दिला.
प्लगपाशी दोनशे अठ्ठावीस.
रेवूबाईंनी एका झटक्यात कॉलर उभी केली,
मग माझ्याकडे वळल्या:
"दिवसाला आठ तास. दोन वर्षं. किती झाले गं?"
दिवसाला एक युनिट, मी म्हटलं, जरा वरच.
त्यांनी मनात काहीतरी गुणलं
आणि भिंतीकडे बघितलं,
उधारी बुडवून गाव सोडलेल्या माणसाकडे बघावं तसं.

पैसे दिलेच, वर माझा ओढणीचा चुरगळा काढून दिला.

रात्री दुकान बंद करताना मांजर जिन्यात भेटली.
कोनाड्यात जाऊन बसायची, उठायची,
भिंतीला नाक लावायची,
परत बसायची.
मी तिला काय सांगणार?
आबांची भाषा तिला येते, हे खरं.
हाताची पाठ भिंतीला टेकवून पाहिली.
गार होती.