एकच

सोन्या मारुतीच्या मागच्या बोळात
वडील एका पेढीवर सोनं कसाला लावायचे.
दगडावर पिवळी रेघ, रेघेवर काडीनं तेजाबाचा थेंब.
रेघ राहिली तर गिऱ्हाईक बसायचं,
उडाली तर चहा न घेता उठायचं.
वडिलांच्या बोटांची टोकं बारमाही हळदीची,
घरात लग्न नसताना.

अकरावीला भोंडवे सरांनी फळ्यावर लिहिलं,
एकआम्लारिधर्मी.
शब्द कुणाच्या तोंडात मावेना.
सर म्हणाले, घाबरताय काय,
याच्याकडे द्यायला हायड्रोजन एकच. दिला की सुटला.
पहिलंच उदाहरण नायट्रिक आम्ल.
म्हणजे आमच्या घरचं तेजाब!
संध्याकाळी वडिलांना सांगितलं.
"एकच?" म्हणाले, "आणि एवढा माज!"

अडले ते व्हिनेगरपाशी.
मला चार हायड्रोजन दिसत होते, सर एकच मोजत होते.
तिघे कार्बनला बिलगलेले,
कितीही मागा, ढिम्म.
चौथा तेवढा ऑक्सिजनच्या उंबऱ्यावर.
तोही पाण्यात शंभरातला एखादाच बाहेर पडतो,
बाकीचे चपला घालून
पुन्हा आत.

दुबळं आम्ल. याला सोडा कमीच लागणार,
असं धरून मी ब्यूरेटची तोटी फिरवली.
नऊ पूर्णांक आठ.
मघाशी तेजाबाला लागला तेवढाच.
पुन्हा केलं. पुन्हा नऊ पूर्णांक आठ.
सर वहीत डोकावले, म्हणाले, बरोबर आहे,
आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

आता पेढीवर यंत्र आहे,
अंगठी ठेवली की आकडा येतो.
बत्तीस वर्षांनंतर एका मंगळवारी
वडील भर दुपारी घरी आले,
कसोटीचा दगड सदऱ्याच्या खिशात,
खिसा एका बाजूला ओघळलेला.
काय झालं ते बोलले नाहीत.
बोटं हळूहळू सगळ्यांसारखी झाली.

मी रविवारी जाते. भाजी निवडता निवडता विचारते.
शेटजी काही म्हणाले का?
"नाही गं."
मग तुम्हीच?
"मेथी जून आहे."
एकदा म्हणाले, "त्या दिवशी वजनात..."
आणि उठून नळ बंद करायला गेले,
जो बंदच होता.

थेंब पडतो तिथे क्षणभर गुलाबी होतं,
फ्लास्क हलवला की जातं.
अजून आहे आत.
मी तोटी
अगदी थोडी उघडी ठेवते.