एका बाजूला दोन रुपये

कचेरीच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं मशीन.
एका बाजूला दोन रुपये, पाठपोट तीन.
नऊ वर्षं झाली.
आता कागद काचेवर पालथा घालायच्या आधीच कळतं
कुणाचं पोर कुठवर जाणार.
ज्योतिष नव्हे, फक्त फाइल बघते.
कप्प्याकप्प्यांची असेल, तर बेंगळूरच्या पुढं.
साडीच्या दुकानाच्या पिशवीत चौघडी घालून आली,
तर उद्यमबाग.

अर्ज कानडीत. मी वाचून सांगते :
तंदेय हेसरु, बापाचं नाव.
तंदेय वृत्ति, बापाचा धंदा.
कानडीत वृत्ति म्हणजे धंदा, आपल्यात स्वभाव.
या रकान्यापाशी मी रोज थोडी अडखळते.

माझ्या बापाची वृत्ति : माग.
वडगावात दोन पॉवरलूम, त्यातला एक भाड्याचा.
दिवसभर खटक्‌ खटक्‌, त्यामुळं घरात सगळे ओरडूनच बोलायचे,
लाडानं बोलतानासुद्धा.
दहावीला गणितात ब्याण्णव पडले.
मग पीयूसी, सायन्स, सगळं इंग्रजीत.
काटकोन मला ठाऊक होता.
राइट अँगल कोण, एवढंच विचारायला हात वर करायचा होता.
तो मांडीवरच राहिला.
दिवाळीपर्यंत मांडीवर, नंतर मागावर.

भरमा होनगेकर दर भरतीला यायचा.
दहावीचं, रहिवासी, जातीचा दाखला, तीन तीन प्रती.
पहिल्या वेळी छाती कमी भरली.
दुसऱ्या वेळी सगळ्यांच्या पुढं धावला,
पण दाखल्यावर भरमा आणि मार्कलिस्टवर ब्रह्मा.
ॲफिडेव्हिट होईस्तोवर वय संपलं.
आता फौंड्रीत ओतकाम करतो. हातावर ठिपके ठिपके.
परवा लेकाचं आधार घेऊन आला.
"स्पेलिंग नीट बघ गे. आत्ताच दुरुस्त करून ठेवतो.
पोरगं अजून रांगतंय, तोवर."

आणि मुग्धा हेरेकर. चौथीपर्यंत एका बाकावर.
पाचवीला ती कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात गेली.
मी गेले नाही, असं म्हणायचीही सोय नव्हती,
कारण जायचं असतं हेच आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.
मागच्या मेमध्ये आली, व्हिसाचे कागद घेऊन.
लगेच ओळखलं तिनं. खूप बोलली. मी आले, मी गेले, मी राहिले.
मी म्हटलं, "मी इथंच असतो की,"
आणि जीभ चावली.
आमच्यात बायाही असंच बोलतात.
चौथीत तीही बोलायची.
तिच्या नावातही चूक होती, एक अक्षर जास्त.
पप्पांच्या एका फोनवर गेलं ते.
वाईट नाही ती. जाताना कुंद्याचा डबा ठेवून गेली.
फक्त कॉपी हातात घेऊन म्हणाली, "ही रेघ कसली गं?"

काचेवर ओरखडा आहे, केसाएवढा.
प्रत्येक कागदावर डावीकडनं खाली उतरतो.
"असू दे, मी दुसरीकडं काढते," म्हणाली.
पैसे दिले, कॉपी इथंच टाकली.

नऊ वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.
आपल्याच कागदात असेल, असं धरून
लोक घडी घालतात आणि रांगेत जाऊन उभे राहतात.

काल जांबोटीकडची एक पोरगी.
चपलेला लाल माती, हॉस्टेलचा अर्ज.
"बापाचा धंदा?"
"लोकांच्या काजूत राखण."
लिहिलं. कॉपी दिली.
तिनं ती उजेडात धरली. मग मूळ कागद धरला. परत कॉपी.
"ताई, ही रेघ माझ्यात नाही."
दोन रुपये अजून मुठीतच.

काच पुसली. स्पिरिट लावून पुसली. जाते कसली.
मग कागद बोटभर उजवीकडं सरकवला.
रेघ कागदाच्या बाहेर पडली.

शिक्क्याची कड जराशी कापली गेली खरी.
तिनं निरखून बघितलं.
"चालतंय," म्हणाली,
आणि मूठ उघडली.