अकरा व्होल्ट

दिवाळे गावच्या जेटीवर, गाळात टेकलेल्या होडीत
हसुराम तांडेल मला जळक्या पट्ट्या दाखवतो.
सात महिन्यांत तीन.
दिव्यांवरचा पिवळा लेप तपकिरी पडलाय,
जुन्या चहागाळणीसारखा.

"रातीला बरोबर जलतान," तो सांगतो,
"मरतान ते भर दुपारी."

दुपारी कोण लावतं दिवे?
तो बर्फाच्या कप्प्याचं झाकण उचलतो.
मी वाकते. डोक्यावर चैत्रातलं ऊन
आणि खाली मांदेली निवडायला
स्वतःची बोटं दिसत नाहीत.

मीटरच्या दोन सुया बॅटरीला लावते.
चौदा पूर्णांक चार.
केबिनच्या टपावर पॅनल नुसतं ओततंय,
बॅटरी काठोकाठ,
आणि बारासाठी बनलेली पट्टी
आलेलं सगळं मुकाट पितेय.
तिच्यावरचे तिळाएवढे रेझिस्टर
बोट टेकू देत नाहीत.
म्हणजे हसुरामदादा,
ऊन जास्त झालं म्हणून तुमच्या कप्प्यात अंधार पडला.

"ऊन फुकट हाय गो. मंग मोजाचा कनाला?"

राबाळ्याच्या कारखान्यात नऊ वर्षं सर्किटं तपासतेय,
याचं उत्तर कुठल्याच कागदावर नव्हतं.

पिशवीतून काड्यापेटीएवढा कन्व्हर्टर काढते.
एका बाजूने काहीही येवो,
दुपारचे चौदा, पहाटेचे पावणेबारा,
दुसऱ्या बाजूने ठरलं तेवढंच जातं.
निळ्या ठोकळ्यावर पितळी स्क्रू.
बराच वेळ काहीच होत नाही, फिरवत राहायचं,
मग आकडा हलतो.
बारा. साडेअकरा.
अकरा.

"कमी केलास?"
डोळ्याला कळलं का?
तो पट्टीकडे बघतो, मांदेलीकडे, पुन्हा पट्टीकडे.
"नाय."
पट्टीला कळतं, दादा.

स्क्रू हलू नये म्हणून वर नेलपेंटचा थेंब,
नणंदेच्या हळदीला घेतलेलं,
पुन्हा कधी न लावलेलं.

मासेमारीची बंदी उठल्यावर परत गेले.
पट्टी तीच, पांढरीशुभ्र.
नेलपेंट मात्र तडकलेलं
आणि मीटरवर अकरा पूर्णांक आठ.
हसुराम खाडीकडे बघायला लागला.

तेव्हा पोशीबाय, त्याची बायको,
मांडीवरच्या जाळ्यातून मान वर न काढता बोलली,
"मीच फिरवलाय. रातीची शिवाया बसतंय
त जाल्याचा डोला माझ्या डोल्याला दिसं ना."

माझ्या तोंडाशी आलेलं सगळं बरोबर होतं,
करंट, उष्णता, पट्टीचं आयुष्य.
ते मी गिळलं.

"किती आटे?" तिने विचारलं.
दोन, म्हटलं. रात्री दोन इकडे.
सकाळी दिवस वर यायच्या आत
आठवणीने दोन मागे.

तिने अंगठ्याने बोटांची दोन पेरं मोजली,
आणि दातात दोरा धरून
जाळं पुढे ओढलं.