दोन होड्या आणि एक बकरी

नकाशात बुरुंडी शोधायचा असेल
तर आधी नाक कागदाला टेकवा.
आफ्रिकेच्या मधोमध, विषुववृत्ताच्या किंचित खाली,
नाव लिहायलाही जागा पुरत नाही,
म्हणून ते शेजारच्या देशात सांडतं.

चिझाने वर्गातल्या नकाशावर अंगठा ठेवला
आणि अख्खा देश अंगठ्याखाली गेला :
शाळा, शाळेमागची केळी, तिच्या सगळ्या मावश्या,
न्ताहोंबाये गुरुजीसुद्धा.
"अंगठा काढ गं," गुरुजी म्हणाले,
"इकडे अंधार झालाय."

या देशात घराचा पत्ता विचारला
तर लोक टेकडीचं नाव सांगतात.
गल्ली नाही, क्रमांक नाही,
"मुसेन्यी टेकडीवर या आणि ओरडा."
देश उष्ण कटिबंधातला, पुस्तकात तसंच छापलंय,
पण पहाटे गुरं सोडताना
चिझाला स्वेटर लागतो, कोपरावर भोक पडलेला.
वाटेत भेटलेले म्हातारबाबा
जुन्या रीतीने म्हणतात, "अमाश्यो!"
म्हणजे, तुला गाईंचे कळप लाभोत.
चिझाकडे गाय एकच आहे, पण ती तरी
त्यांना कळपच परत देते.

समुद्र मात्र नाही.
तो शेजाऱ्यांच्याही पलीकडे, कुणाच्या तरी परसात.
टांगानिका आहे, तळं म्हणायचं,
पण लांबी अशी की एक टोक इथे
आणि दुसरं तिसऱ्याच देशात.
रात्री कोळी दिवे लावून आत जातात,
बोटभर मासे उजेडाला भुलतात
आणि सकाळी चटईवर वाळत पडतात,
डोळे उघडे,
अजून दिवा शोधत असल्यासारखे.

आता गोष्ट भांडणाची.
चिझाचे दोन भाऊ जुळे.
तिथे जुळ्यांची नावं ठरलेलीच असतात :
आधी आला तो बुकुरू, मागून आला तो बुतोयी,
आणि त्यांच्या पाठीवर जे येईल
ते चिझा.
(ती कधी तक्रार करते,
"मी यायच्या आधीच माझं नाव आलं होतं.")

त्यांचं घर डोंगराच्या अगदी कण्यावर.
पाऊस पत्र्यावर पडतो
आणि अर्धा एका पन्हळीतून, अर्धा दुसरीतून
पाठ फिरवून निघून जातो.

बुकुरूने केळीच्या सोपटाची होडी केली,
पूर्वेच्या ओहोळात सोडली.
"रुवुबू, मग कागेरा, मग मोठं व्हिक्टोरिया तळं,
मग नाईल! वाळवंट! उंट!
माझी होडी समुद्रात जाणार."

बुतोयीने पश्चिमेला सोडली.
"टांगानिका, मग लुकुगा, मग काँगो,
पाणघोडे! धबधबे! अटलांटिक!
माझा समुद्र तुझ्यापेक्षा मोठा."

बुकुरू म्हणाला, मी आधी जन्मलो.
बुतोयी म्हणाला, होड्यांना ते माहीत नाही.
मग चिखल उडाला,
आणि आईची हाक आली. ती दोघांच्या नावाने एकदमच यायची.

चिझाकडे होडी नव्हती.
तिने दुधी भोपळ्यातलं उरलेलं पाणी
बरोबर कण्यावर ओतलं, अगदी मधोमध,
आणि गुडघ्यांवर बसून पाहत राहिली,
कुठे वळतंय.
पाणी थांबलं. चिझासारखंच विचारात पडलं.
डबक्यात एक ढग आला, एक मुंगी आली.

आणि मग बकरी आली
आणि तिने सगळं पिऊन टाकलं.

चिझा रडणार होती, पण हसली.
होड्या कुठवर गेल्या, अजून कळलेलं नाही,
बुकुरू दर रविवारी विचारतो,
जणू कुणी पत्र पाठवणार आहे.

बकरी मात्र संध्याकाळी
कण्यावर उभी राहिली,
शेपटी वर केली,
आणि मग जे झालं
ते कोणत्या समुद्राकडे गेलं,
ते चिझाने पाहिलंय.
सांगत नाही.